सत्तेचाळीस नंबरची डावी टाच

बूटमास्तरला कान होते. तुम्ही म्हणाल, कान कुणाला नसतात? पण बूटमास्तरचे कान म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. सैनिकी प्रशिक्षण केंद्राच्या मागच्या फाटकाला लागून त्याची एका खोलीची बूट दुरुस्तीची जागा. दार रस्त्याच्या बाजूला, आणि हा बसायचा दाराकडे पाठ करून, खिडकीच्या उजेडात. गिऱ्हाईक पायरीवर पाय ठेवतं न ठेवतं तोच हा मानही न वळवता म्हणायचा, "या डॉक्टर, उजव्या बुटाचा तळ सुटलाय वाटतं." आणि डॉक्टरांच्या उजव्या बुटाचा तळ खरोखर सुटलेला असायचा. पोस्टमन, शाळेतल्या बाई, नव्या सुनेबरोबर आलेली सासू, सगळ्यांना तो पावलांवरून ओळखायचा. ओळखायचा आणि वर सांगायचाही, दहा माणसांत, मिशीवरून हात फिरवून. बढाईखोर होता, यात वाद नाही. पण बढाई मारावी एवढं त्याच्यापाशी होतं.

त्याला एकच लेक. तिला गल्लीत सगळे फटफटी म्हणायचे. चालायला लागली तेव्हापासून ती डावी टाच उचलायचीच नाही. फरशीवर घासत आणायची, आणि चप्पल फट् फट् वाजायची. चौथ्या वर्षी बूटमास्तर आणि त्याची बायको तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय खालीवर केला, गुडघा वाकवला, तिला दोनदा खोलीभर पळवलं आणि म्हणाले, "पायात काही दोष नाही. आळस आहे नुसता. उचलायला शिकेल हळूहळू. शिकू द्या."

'शिकू द्या' हे दोन शब्द बूटमास्तरच्या कानात शिरलेच नाहीत. इतके तिखट कान, पण नको ते गाळून घ्यायची सवय त्यांनाही होती. त्याच संध्याकाळी त्याने मऊ चामड्याचा एक तुकडा कापला, मागे जाड, पुढे पातळ, कडेने बारीक टाके घातले आणि लेकीच्या डाव्या बुटात टाचेखाली बसवून टाकला. त्याला तो 'उशी' म्हणायचा. उशीमुळे पाय जरासा पुढे झुकायचा, टाच जमिनीला घासायची नाही, आवाज बंद. पुढची सोळा वर्षं त्या मुलीच्या प्रत्येक बुटात, प्रत्येक चपलेत बापाने ती उशी घातली, आणि तिला पत्ता लागू दिला नाही. घरात अनवाणी असली की मात्र टाच पूर्वीसारखीच घासायची. फटफटी हे नावही चिकटलं ते चिकटलंच.

आणि उशी काय फक्त बुटात होती? शाळेतलं तिचं हस्तकौशल्य बाप करायचा. बक्षीस मिळालं की घरी दोघंही सारखेच लाजायचे. पुढे ती नर्सिंगला गेली. तिथल्या मोठ्या सिस्टर एकदा आवाज चढवून बोलल्या, चार महिन्यांत हिने सोडलं. टायपिंगच्या क्लासला बोटं दुखली. मग केस कापायचं शिकायला गेली, तिथे उभं राहून पाय दुखले. तिन्ही ठिकाणी 'उद्यापासून ती येणार नाही' हे सांगायला बूटमास्तर स्वतः गेला होता. अगदी हात जोडून, गोड बोलून. परत येताना तिच्यासाठी काहीतरी खाऊ घेऊन यायचा. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ना, त्यातला प्रकार.

बायको सगळं बघत होती. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर चादरींच्या घड्या घालणारी बाई, बोलणंही घडी घातल्यासारखं, नेटकं. एकदाच म्हणाली होती, "अहो, तुम्ही पोरीला इतकं धरून ठेवलंय, की तिला पडायलासुद्धा जागा नाही."

विसाव्या वर्षी फटफटीने कुणाला न सांगता सैन्यभरतीचा अर्ज केला. धावण्याची चाचणी दिली, उंची-वजन झालं, डॉक्टरी तपासणी झाली, आणि एके सकाळी चहाच्या कपाशेजारी तिने निवडीचं पत्र ठेवलं. बूटमास्तरने ते तीनदा वाचलं. मग म्हणाला, "मी बोलतो तिथल्या साहेबांशी. ओळखीचे आहेत. जरा बेताने घ्या म्हणून सांगतो."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कुणाशी बोललात तर मी जाणार नाही. आणि नाही गेले तर आयुष्यात परत कुठेच जाणार नाही. एवढं एक मला माझं करू द्या."

त्याने मान हलवली. 

प्रशिक्षण बारा आठवड्यांचं. तेवढे दिवस भेट नाही, फोन नाही, दोन आठवड्यांनी एक पत्र. गंमत बघा, मधे एक भिंत फक्त. भिंतीच्या अलीकडे बाप बुटाला खिळे मारतोय, पलीकडे लेक पहाटे पाचला मैदानाला फेऱ्या मारतेय, आणि दोघांची गाठ नाही. पण एक वाट होती. दर शनिवारी केंद्रातून पोतं यायचं, दुरुस्तीच्या बुटांचं. ज्यांचं काही बिघडलंय तेवढेच बूट. जिभेच्या आत रंगाने नंबर लिहिलेला, आणि लेसला चिठ्ठी बांधलेली: शिवण उसवली, टाच झिजली, कडी तुटली. पोतं आणायचा तो स्टोअरवाला, बूटमास्तरचा वीस वर्षांचा दोस्त, माजी सैनिक, पोट सुटलेलं आणि जीभ त्याहून सुटलेली.

"सत्तेचाळीस नंबर," पहिल्या शनिवारी तो डोळा मारत म्हणाला. "मी काही सांगितलं नाही हं. असाच एक आकडा तोंडात आला."

बूटमास्तरने पोतं पालथं केलं आणि सत्तेचाळीस नंबर शोधून काढला. उजवा बूट जसाच्या तसा. डाव्याची टाच मात्र मागच्या बाजूने, उंदराने कुरतडावी तशी खाल्लेली. सैन्याच्या बुटात उशी कुठली असायला? सोळा वर्षं झाकून ठेवलेली खोड पहिल्याच आठवड्यात उघडी पडली होती.

त्याने टाच बदलली. पुढच्या शनिवारी तीच टाच, तशीच. त्याच्या पुढच्याही. स्टोअरवाल्याने मग आतली हकीकत सांगितली. कवायत शिकवणाऱ्या बाई भलत्या कडक. सगळे त्यांना कवायतबाई म्हणायचे, अर्थात त्यांच्यामागे. मुलींची तुकडी एकशेवीस जणींची. कवायतबाई डोळे मिटून मैदानाच्या कडेला उभ्या राहायच्या. एकशे एकोणीस टाचा एकदम पडायच्या, आणि त्यांच्या मागून एक घासत यायची. ठाप्, फट्. ठाप्, फट्. मग बाई शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा." अख्खी तुकडी मैदानाच्या त्या टोकाला जाऊन पुन्हा यायची. उन्हात. एका टाचेपायी.

"बाकीच्या पोरी शिव्या घालत असतील तिला," बूटमास्तर म्हणाला.

"घालत असतील की. आम्हीही घालायचो." स्टोअरवाला स्टुलावर टेकला. "मास्तर, खरं सांगू? नवव्या आठवड्यात कवायतीची परीक्षा असते. त्यात जी नापास होते तिला पुढच्या तुकडीत टाकतात. पहिल्या दिवसापासून सगळं परत. नंबरही नवा."

बूटमास्तरला आपली लेक ठाऊक होती. परत पहिल्या दिवसापासून ती करणार नाही. बॅग उचलेल आणि घरी येईल. नर्सिंग, टायपिंग, केस कापणं, आणि आता हे चौथं. आणि या वेळी ती जन्मभर मान वर करणार नाही. यात दोष कुणाचा? सिस्टरचा नाही, कवायतबाईंचा तर नाहीच. चार वर्षांच्या पोरीला टाच उचलायला शिकू दिलं नाही ते कुणी? बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली, तरी त्याला पावलं ऐकू आली नाहीत.

मग त्याने काय केलं असेल? जे आजवर केलं तेच. माणूस घाबरला की हात ओळखीच्या कामाकडेच वळतात. सातव्या शनिवारी सत्तेचाळीस नंबरचा डावा बूट पुढ्यात घेऊन त्याने उत्तम मऊ चामडं कापलं, कडेला बारीक टाके घातले, शेवटी आपली नेहमीची दुहेरी गाठ मारली आणि उशी आतल्या तळाखाली अशी बसवली, की बोट फिरवलं तरी कळू नये. बायको डबा घेऊन आली होती. तिने बघितलं. म्हणाली, "गिऱ्हाइकाचं आहे?"

"हो."

"बरं," ती म्हणाली आणि डबा जरा जोरातच ठेवून गेली.

तो आठवडा बूटमास्तरने खुशीत काढला. आता ठाप् एके ठाप्. परीक्षा पास, लेक सैनिक, गंगेत घोडं न्हालं. आठव्या शनिवारी पोतं आलं. त्याने सवयीने सत्तेचाळीस नंबर शोधला, तर तो आलेलाच होता, आणि डाव्या बुटात काहीतरी सुटं हलत होतं. आत हात घातला. उशी बाहेर आली. चांगली पुसलेली, घडी न पडलेली, जशी बसवली होती तशी. लेसला चिठ्ठी होती. अक्षर लेकीचं, पण भाषा सगळी सरकारी:

'नंबर ४७. तक्रार: डाव्या बुटात परकी वस्तू सापडली. काढून घ्यावी. टाच झिजली आहे, बदलावी. इतर काही नाही.'

आणि खाली, अगदी कडेला, बारीक अक्षरात: 'बाबा, गाठ ओळखली. पाय माझा मी उचलते.'

आधी त्याला रागच आला. परकी वस्तू म्हणे. सोळा वर्षं जिच्यावर चाललीस ती परकी? मग लाज वाटली. कारण सैन्यात बूट तपासतात. ही उशी कवायतबाईंच्या हाती लागली असती तर पोरीची शोभा झाली असती, तीही बापामुळे. आणि लाज ओसरल्यावर त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. हीच ती मुलगी, जिचं 'उद्यापासून येणार नाही' हेसुद्धा बापाला जाऊन सांगावं लागायचं. तिने परीक्षा तोंडावर असताना सोपी वाट हातात आलेली परत पाठवली होती. कुणी बघत नव्हतं, कुणी विचारलं नसतं. त्याने उशी समोरच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली, अशी की काम करताना नजर जाईल. चिठ्ठीत लिहिली होती तेवढीच टाच बदलली. त्यापलीकडे त्या बुटाला बोट लावलं नाही. आणि सांगतो, उभ्या आयुष्यात इतकं अवघड काम त्याने दुसरं केलं नसेल.

नववा शनिवार आला. परीक्षा गुरुवारी होऊन गेली होती. स्टोअरवाल्याने पोतं टेकवलं न टेकवलं तोच बूटमास्तरने ते पालथं केलं. बारा, एकतीस, अठ्ठ्याण्णव, चौसष्ट. त्याने सगळे बूट एकेक करून मांडले, जिभा उलटून पाहिल्या. सत्तेचाळीस नव्हता. आठ आठवड्यांत एकदाही चुकला नव्हता, आणि आज नव्हता.

"सात जणी मागे गेल्या," स्टोअरवाला म्हणाला. आज त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

बूटमास्तरने मान खाली घातली. "बॅग घेऊन कधी सोडतील?"

"कुणाला?"

"जीव नको खाऊ. सत्तेचाळीसला."

स्टोअरवाल्याने खिशातून कागद काढला, चष्मा लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. असल्या वेळी त्या माणसाला धरून बदडावंसं वाटायचं. "मागे जाणाऱ्यांचे बूट माझ्याकडे जमा होतात. पाच, बावीस, चाळीस, एकसष्ट, सत्त्याऐंशी, एकशे दोन, एकशे नऊ. यात आहे का तुझा सत्तेचाळीस?"

"मग तिचे बूट कुठायत?"

"तिच्या पायात. अरे शहाण्या, टाच झिजली असती तर बूट आले असते ना."

बूटमास्तरने हातातला बूट खाली ठेवला आणि पहिल्यांदाच स्टोअरवाल्यासाठी स्वतः उठून चहा सांगायला गेला. त्या दिवसापासून सत्तेचाळीस नंबर पोत्यात आला नाही. दर शनिवारी तो शोधायचा आणि नाही म्हणून खूश व्हायचा.

दहाव्या आठवड्याच्या पत्रात लेकीने लिहिलं होतं: 'आमच्या खोलीत आम्ही आठ जणी. पहिले दोन आठवडे माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मग एकीने शोधून काढलं की न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर चाललं की टाच घासल्याची रेघ उमटते. रोज जेवणाआधी मी चालायची आणि सगळ्या जणी वाकून रेघ बघायच्या. पहिल्यांदा रेघ उमटली नाही त्या दिवशी माझ्यापेक्षा त्याच जास्त नाचल्या. आमच्यातल्या एकीला दोर चढता येत नाही, आता आम्ही तिच्या मागे लागलोय. जेवण बरं आहे. आईला सांगा, चादरीचे कोपरे मी आता तिच्याहून सरळ घालते.'

"बघू की," बायको म्हणाली. पण पत्र तिने पदराआड डोळे पुसूनच परत दिलं.

दीक्षान्त संचलनाला दोघंही नवे कपडे घालून गेले. आईबापांसाठी मैदानाच्या कडेला बाकं मांडली होती. स्टोअरवाला आपल्या जुन्या गणवेशात, बटणं कशीबशी लावून शेजारी येऊन बसला आणि त्याने खोडी काढली. "मास्तर, तुझ्या कानांची आज परीक्षा. डोळे मिटायचे. तुकडी समोरून गेली की लेक कुठल्या रांगेत ते सांगायचं."

"त्यात काय? झोपेतसुद्धा सांगेन. हरलो तर महिनाभर रोज सकाळी तुझ्या दारात येऊन तुझ्या बुटांना पॉलिश करीन."

"आणि जिंकलास तर?"

"तर ही तुझी मिशी उतरवायची."

स्टोअरवाल्याने मिशीला एकदा हात लावून घेतला आणि म्हणाला, "ठरलं."

ढोल वाजला. बूटमास्तरने डोळे मिटले. हुकूम ऐकू आला, आणि मग पावलं. पहिली रांग. दुसरी. त्याने मान जराशी तिरपी केली, उजवा कान पुढे केला. कुठेतरी असेल. कितीही सुधारली तरी एवढीशी, केसाएवढी ओढ तरी राहिलेली असेल. बाकी कुणाला नाही, त्याला ऐकू येईल. वीस वर्षं त्याने ती चाल ऐकली होती, घरातून, अंगणातून, जिन्यावरून. एकशे तेरा मुली त्याच्यासमोरून जात होत्या आणि जमिनीवर एकच पाऊल पडत होतं. ठाप्. ठाप्. ठाप्. शेवटची रांग आली आणि गेली.

त्याने डोळे उघडले. चेहऱ्यावरचा सगळा रुबाब उतरला होता.

"बोल," स्टोअरवाला म्हणाला.

"नाही आली."

"काय नाही आली?"

"ओळखू."

बायको हात वर करून म्हणाली, "अहो, ती बघा, तिसऱ्या..."

"सांगू नकोस," तो म्हणाला. मग तो उभा राहिला, आणि मागच्या बाकावर कोण कुठले अनोळखी लोक बसले होते त्यांच्याकडे वळून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "त्या एकशे तेरांत माझी लेक आहे. कुठली ते विचारू नका. मला ओळखू येत नाही."

लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दिसत कमी असावं. एका भल्या बाईने आपला चष्माही पुढे केला. बायको तोंडाला रुमाल लावून हसत होती आणि रडतही होती. स्टोअरवाल्याने मान फिरवली. त्या माणसाला गप्प बसलेलं त्या दिवशी प्रथमच पाहिलं सगळ्यांनी.

संचलन संपलं. टोप्या हवेत उडाल्या, रांगा मोडल्या, आईबाप मैदानात उतरले. बूटमास्तर गर्दीत पायांकडे बघत हिंडत होता, सवयच ती. मागून पावलं आली. भरभर, सरळ, दोन्ही टाचा सारख्या. कुणी अधिकारी येत असावा, असं समजून तो अदबीने बाजूला सरकला आणि वाट करून देत मान जराशी झुकवून उभा राहिला.

पावलं त्याच्यापाशी येऊन थांबली.

"कुणाला वाट देताय, बाबा?"

त्याने वर पाहिलं. उन्हाने रापलेली, ताठ, खांदे मागे घेतलेली फटफटी समोर उभी होती. त्याला बरंच काही बोलायचं होतं. उशीबद्दल माफी मागायची होती, पैजेचं सांगायचं होतं. पण त्याने नुसता हात पुढे करून तिच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

"तुलाच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन तो स्टोअरवाल्याच्या दारात जाऊन बसला. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत होता, मास्तर, इथे काय करताय? आणि हा मिशीवरून हात फिरवून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होता, आपण कसे हरलो ते.